सायकलला सस्पेन्शन बसवलं आणि तक्रार विसरलो

पोस्ट मोठी आहे, पण आपल्या भागातल्यांनी शेवटपर्यंत वाचा.

गेल्या पावसाळ्यात माझ्या उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट बधिर व्हायला लागलं. मी रोज चौदा किलोमीटर सायकलने ऑफिसला जातो. डॉक्टर म्हणाले, तळहाताच्या कडेची नस हॅंडलवर दाबली जातेय, त्यात हादरे. सायकल बंद करा म्हणाले नाहीत, हे नशीब.

हादरे कुठे बसतात ते मला पाठ आहे. चौकाच्या पुढे पाण्याच्या लाइनसाठी रस्ता आडवा खोदला, खडी-माती टाकून बुजवला, डांबर टाकलंच नाही. पहिल्याच पावसात माती गेली आणि चर उघडा पडला. त्याच्या पुढे लगेच स्पीडब्रेकर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शिकेत स्पीडब्रेकर 3.7 मीटर रुंद, 10 सेंटिमीटर उंच आणि गोलसर असावा असं आहे, म्हणजे ताशी 25 किलोमीटरने ओलांडता येतो. आमचा मी टेपने मोजला. रुंदी 60 सेंटिमीटर, उंची 14. ही भिंतच झाली की!

चराची तक्रार ॲपवर टाकली, फोटोसकट. आणि सायकलच्या दुकानात गेलो.

माझी ग्रॅव्हल बाईक आहे, पुढचा फोर्क कडक. म्हटलं, सस्पेन्शनवाला फोर्क टाकून दे. पोरगा हुशार. म्हणाला, "काका, बसेल, पण सायकल बिघडेल." ग्रॅव्हलचे सस्पेन्शन फोर्क तीस-चाळीस मिलिमीटर दबतात, त्यामुळे ते मुळात लांब असतात. ज्या फ्रेमची रचना त्या हिशेबाने केलेली नाही, तिचं तोंड दोन-तीन सेंटिमीटर वर उचललं जातं आणि सायकल वळायला आळशी होते. शिवाय फोर्कची किंमत माझ्या सायकलच्या निम्मी. "आधी हवा बघू," म्हणाला. चाळीस मिलिमीटरच्या टायरमध्ये मी साठ पीएसआय भरत होतो! ट्यूबलेस करून पस्तिसावर आणली आणि निम्मं दुखणं तिथेच कमी झालं. मग रेडशिफ्टचा शॉकस्टॉप स्टेम टाकला. त्याच्या आत रबरासारखे तुकडे असतात, आपल्या वजनाप्रमाणे मऊ-कडक निवडायचे. हॅंडल वीसेक मिलिमीटर खाली दबतं. बास. महिनाभरात बोटं शुद्धीवर आली.

(फ्रान्समध्ये पॅरिस-रुबे नावाची शर्यत दगडी रस्त्यांवरून होते. 1992 आणि 1993 साली दुक्लो-लासाल रॉकशॉक्सचा सस्पेन्शन फोर्क लावून ती जिंकला. तिकडे ते दगड हौसेने जपलेत. आपल्याकडे हौस कोणाची, विचारू नका.)

आता खरं सांगायचं ते. स्टेम बसवला त्याच आठवड्यात ॲपवर मेसेज आला, "तक्रारीचे निराकरण झाले." चर तसाच होता. खाली बटण होतं, "तक्रार पुन्हा उघडा." मी नाही दाबलं. हात दुखत नव्हता ना! त्या चरावरून रोज जात होतो, पण तो मला जाणवायचाच बंद झाला होता. चारचाकीत बसणाऱ्या साहेबांना मी वर्षानुवर्षं नावं ठेवली, आणि स्वतः तेच केलं.

गेल्या मंगळवारी आमच्या गल्लीत डबे पोचवणाऱ्या मावशी स्कूटीसकट तिथेच पडल्या. उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर, म्हणजे सहा आठवडे डबे बंद. त्यांना कुठला स्टेम बसवायला सांगू?

ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आदेश दिलाय. खड्ड्यांमुळे मृत्यू झाला तर 6 लाख, जखमी झालं तर दुखापतीप्रमाणे 50 हजार ते अडीच लाख भरपाई. मावशींना हे माहीत नव्हतं. त्यांच्या मुलाला मी आदेशाची बातमी दाखवली. माझी जुनी तक्रार, तारखेचा फोटो आणि तो "निराकरण" वाला मेसेज यांच्या प्रिंट काढून दिल्या. चर त्यांना माहीत होता याचा कागद आहे हा. देताना तो मुलगा म्हणाला, "काका, मग तुम्ही परत तक्रार का नाही केली?"

मी काही बोललो नाही.

सोमवारी सकाळी अकरा वाजता त्याच्याबरोबर ऑफिसात जातोय, टेप घेऊन. त्या चरावर कोणी पडलं असेल, किंवा कोणाकडे तारखेसकट फोटो असतील, तर मला मेसेज करा. तक्रार पुन्हा उघडली आहे. नंबर पहिल्या कमेंटमध्ये टाकतो.