बायाद पो!

तर झालं असं, की 2024 च्या फेब्रुवारीत कंपनीने मला तीन महिन्यांसाठी मनिलाला पाठवलं. ऑनसाइट म्हटलं की आपल्या लोकांच्या डोळ्यासमोर न्यू जर्सी येतं. आईने विचारलं, "तिकडे काय असतं?" मला तरी कुठे माहीत होतं! डोंबिवलीच्या बाहेर सलग तीन महिने राहण्याची ही माझी दुसरी वेळ. पहिली वेळ पुणे, आणि ते काही परदेशात धरत नाहीत. (पुणेकरांनी आपापलं मत बनवावं.)

काम होतं भाड्याचं. म्हणजे जीपनीत प्रवाशाने कार्ड टेकवायचं आणि पैसे कापले जायचे, त्या यंत्रामागचं सॉफ्टवेअर. क्लायंटचं नाव सांगत नाही, एनडीए वगैरे. गंमत अशी की दोन महिने त्यावर कोड लिहून झाला होता आणि जीपनी मी फक्त डॉक्युमेंटमधल्या एका फोटोत पाहिली होती.

जीपनी म्हणजे काय ते आधी सांगतो. दुसरं महायुद्ध संपल्यावर अमेरिकन सैन्याच्या जीप मोठ्या संख्येने तिथे मागे राहिल्या. तिथल्या लोकांनी त्या मागून लांबवल्या, वर टप चढवला, आत समोरासमोर दोन लांब बाकं टाकली आणि झाली गाडी तयार. पुढे जीप संपल्या, तेव्हा तसाच सांगाडा स्थानिक कारखान्यांत बनायला लागला. चकचकीत स्टीलची बॉडी, बॉनेटवर घोडे, बाजूला संत, मुलांची नावं, बास्केटबॉलचे खेळाडू, जे मालकाला आवडेल ते. चढायचं मागून, वाकून. एका बाजूला नऊ माणसं बसतात असं मानलं जातं. आठ बसली की तुम्हाला वाटतं झाली फुल्ल, आणि मग नववा येतो. चौथ्या सीटवर डोंबिवली फास्टमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला यात काही नवीन नाही.

नवीन हे, की बहुतेक जीपनीत कंडक्टर नसतो. ड्रायव्हरच गाडी चालवतो, पैसे घेतो, सुट्टे देतो, कोण कुठे चढलं ते लक्षात ठेवतो. आणि तो पुढे, चढायचं दार मागे. मग पैसे पोचतात कसे? हा प्रश्न दोन महिन्यांत माझ्या डोक्यातच आला नव्हता.

पहिल्या शनिवारी कुबाओहून कियापोला निघालो. कुबाओत राहत होतो, ऑफिस ऑर्टिगासला, तेवढं अंतर मेट्रोने दोन स्टेशनं. मेट्रो ही मेट्रोसारखीच असते, तिच्याबद्दल काय लिहायचं. कियापो म्हणजे मोठं चर्च आणि भोवती भुलेश्वरसारखा बाजार. जीपनीत शिरताना नियमाप्रमाणे डोकं आपटलं. आत शिरून सगळ्यात पुढे, ड्रायव्हरच्या बरोब्बर मागची जागा पकडली. म्हटलं नवखे आहोत, ड्रायव्हरजवळ बसावं, सुरक्षित.

दोन मिनिटांत शेजारच्या बाईंनी माझ्या हातात वीस पेसो ठेवले. "बायाद पो."

मी त्या नोटेकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं, हसलो. थँक यू म्हणणार होतो, देवाशपथ. तेवढ्यात पलीकडून अजून एक हात आला, त्यात नाणी. "बायाद पो." मी तीही घेतली. आता माझ्याकडे दोन अनोळखी माणसांचे पैसे होते आणि अख्खी जीपनी माझ्याकडे बघत होती. शेवटी समोरच्या मुलाने माझ्या खांद्यामागे बोट दाखवलं. तिथे ड्रायव्हरचा हात, स्टिअरिंग सोडून, तळवा वर करून मागे आलेला होता. कधीपासून आला होता कोण जाणे.

ड्रायव्हरच्या मागची जागा म्हणजे बिनपगारी कंडक्टरची जागा! जाणते लोक ती टाळतात. उरलेला रस्ता मी पैसे पुढे, सुट्टे मागे करत गेलो. स्वतःचं भाडं द्यायचं विसरलो ते कियापोला उतरताना आठवलं. काचेवर पाटी होतीच, "गॉड नोज हुडास नॉट पे". हुडास म्हणजे येशूला दगा देणारा जुडास, आणि मोठ्याने वाचलं की "हू डझ नॉट पे". अशी पाटी मला सुचली असती तर मी कोडिंग सोडून दिलं असतं. धावत पुढे जाऊन खिडकीतून पैसे दिले.

मग हळूहळू शब्द जमायला लागले. बायाद म्हणजे भाडं. सुक्ली म्हणजे परत आलेले सुट्टे. उतरायचं असेल तर "पारा पो", किंवा वरच्या दांड्यावर नाण्याने टकटक. आणि या सगळ्याच्या शेवटी तो "पो". पो ला स्वतःचा अर्थ नाही, तो आदर आहे. आपल्या "अहो"तला "हो" काढून वाक्याच्या शेपटाला लावावा तसा. ड्रायव्हर म्हणजे कुया, मोठा भाऊ. बाई असली की आते. दादा आणि ताई! आपल्याकडे रिक्षावाल्याला दादा म्हणतो तसंच, त्यामुळे हे मला पहिल्या दिवसापासून जमलं. "पारा पो" मात्र जमायला तीन आठवडे लागले. म्हणजे शब्द येत होता, आवाज निघत नव्हता. मी मुळात चारचौघांत ओरडणारा माणूस नाही. मीटिंगमध्येसुद्धा "म्यूटवर आहेस" असं मला म्यूटवर नसताना सांगतात. परिणामी दर वेळी एक स्टॉप पुढे उतरून उन्हात चालत मागे यायचो.

गाड्यांच्या पाट्या वाचणं ही वेगळीच परीक्षा. नकाशा-बिकाशा फारसा उपयोगी नाही. समोरच्या काचेवर आणि बाजूला रस्त्यांची, चर्चची, बाजारांची नावं लिहिलेली, ती ज्याला आधीच माहीत आहेत त्याच्यासाठी. "क्रॉसिंग" अशी पाटी पाहून मी आठवडाभर समजत होतो की ही रस्ता ओलांडण्याबद्दल काहीतरी सूचना आहे. ते एका चौकाचं नाव निघालं. सगळ्यात आवडलं ते फिलिपिन्स विद्यापीठाच्या दिलिमान कॅम्पसमध्ये. तिथे गोल फिरणारी जीपनी आहे, तिचं नाव इकोत, म्हणजे फेरी. उलट्या दिशेने फिरणारीचं नाव टोकी. रोमन अक्षरात इकोत उलटं लिहिलं की टोकी. स्ट्रिंग रिव्हर्स! इंटरव्ह्यूला दहा वर्षं हा प्रश्न विचारतोय मी मुलांना, आणि इथे तो कोणीतरी बसच्या पाटीवर सोडवून ठेवलाय.

एका रविवारी तागायताईलाही जाऊन आलो, तळ्यातला ताल ज्वालामुखी बघायला. ती एसी बस. एसी इतका की स्वेटर नसल्याचा पश्चात्ताप होतो. कंडक्टर कागदी तिकिटाला पंच करून भोकं पाडतो, आपल्या एसटीच्या जुन्या टिकटिक पंचची आठवण झाली. फेरीवाले चढतात, शेंगदाणे नि चिचारोन विकून पुढच्या थांब्याला उतरतात. ज्वालामुखी ढगात होता. असो.

आता जे सांगायचंय ते.

एप्रिलचा तिसरा आठवडा. उकाडा असा होता, की त्या महिन्याअखेर सरकारने सरकारी शाळांचे वर्ग दोन दिवस घरूनच घ्यायला सांगितले. शनिवारी संध्याकाळी कुबाओला परत येत होतो. मी पुन्हा ड्रायव्हरमागे, जागा तीच उरली होती. गिलमोरला, म्हणजे तिथल्या लॅमिंग्टन रोडला, एक बाई चढल्या, साधारण माझ्या आईच्या वयाच्या. त्यांनी शंभरची नोट पुढे दिली. पहिल्या चार किलोमीटरचं भाडं तेव्हा 13 पेसो होतं. त्याच वेळी दाराजवळच्या एका मुलाने पन्नासची नोट पाठवली, "एस्तुद्यान्ते". विद्यार्थ्याला 20 टक्के सूट, म्हणजे 10 पेसो 40 सेंटिमो. आमच्या सिस्टिममध्ये या 40 सेंटिमोवर तीन मीटिंगा झाल्या होत्या. ड्रायव्हरने एका सेकंदात 11 घेतले.

मागे दोनदा हात आला. एकदा 87, एकदा 39. मी ते मागे पाठवले आणि उलटे पाठवले.

मुलाच्या कानात हेडफोन. त्याने न मोजता खिशात घातले आणि पुढच्या सिग्नलला उतरला. बाईंनी मोजले. "कुया, कुलांग पो." कमी आहेत. ड्रायव्हर आरशात बघत म्हणाला, 87 दिले. आवाज कोणीच चढवला नाही. दहा सेकंदांत सगळ्या बाकाला कळलं काय झालं ते, माझ्या तोंडाकडे बघूनच कळलं असावं. ड्रायव्हरने गल्ल्यातून नाणी मोजायला सुरुवात केली, 48. मी म्हटलं, नाही नाही, माझी चूक, आणि बाईंना पन्नासची नोट दिली. त्यांनी ती घेतली. मग पर्स उघडून दोन पेसोचं सुट्टं काढलं आणि शेजाऱ्याच्या हातून माझ्याकडे पाठवलं.

कुबाओला सगळे उतरले. मी माफी मागायला पुढे गेलो. ड्रायव्हर पन्नाशीचा, गळ्यात टॉवेल, इंग्रजी माझ्यापेक्षा सफाईदार. "बुंबाय?" त्याने विचारलं. तिकडे भारतीय माणसाला बुंबाय म्हणतात, तो पंजाबचा असो की केरळचा. म्हटलं, मी खरंच बॉम्बेच्या बाजूचा. तो खो खो हसला. "फाइव्ह-सिक्स?" आता हेही सांगायला हवं. मोटरसायकलवरून घरोघर फिरून कर्ज देणारे भारतीय तिथे माहितीचे आहेत. पाच घ्या, सहा फेडा. म्हटलं, नाही हो, मी कॉम्प्युटरवाला.

गाडी त्याची नव्हती. मालकाला रोज ठरावीक रक्कम द्यायची, त्याला ते बाउंडरी म्हणतात. डिझेल आणि बाउंडरी जाऊन उरेल ते त्याचं. आपल्याकडे शिफ्टवर रिक्षा चालवतात तसंच. 30 एप्रिलची तारीख डोक्यावर होती. 2017 साली सरकारने जुन्या जीपनी बदलायची योजना आणली: नवं इंजिन, कॅमेरा, जीपीएस, कार्डाने भाडं. त्याची पहिली पायरी म्हणजे सुट्या मालकांनी सहकारी संस्थेत किंवा कंपनीत सामील होणं, आणि त्याची बऱ्याचदा पुढे ढकललेली मुदत त्या तारखेला संपत होती. नवी गाडी वीस लाख पेसोंच्या वर. याचा मालक अजून सामील झाला नव्हता. त्याने ते तक्रार म्हणून नाही, रस्त्याचं काम चालू आहे असं सांगावं तसं सांगितलं.

मग विचारलं, "कॉम्प्युटर? कुठल्या कामाचा?"

मी म्हणालो, "बँकिंग."

का म्हणालो माहीत आहे, म्हणून तर लिहितोय. तसा मी त्या यंत्राच्या विरोधात नाही. गर्दीच्या रस्त्यावर एका हाताने गाडी चालवत दुसऱ्या हाताने सुट्टे मोजणं धोक्याचं आहे. त्या मुलाची सूट आपोआप लागली असती आणि कोणाच्या अठ्ठेचाळीस पेसोंचा घोळ झाला नसता. जुन्या इंजिनाचा धूर खाल्लाय मी, त्याबद्दल गळा काढणाऱ्या प्रवासवर्णनांचा मला रागच येतो. जीपनी रंगीत आहे म्हणून ती कोणीतरी दिवसभर त्या उकाड्यात चालवावी असं नाही. पण त्या माणसासमोर हे मुद्दे मांडायची माझी हिंमत झाली नाही. कार्ड त्याचं काम सोपं करेल, पण त्या गाडीत तो असेल की नाही हे आमच्या कुठल्याच डॉक्युमेंटमध्ये लिहिलेलं नव्हतं.

सोमवारी मी दोन रिक्वायरमेंट टाकल्या. एक, एका कार्डावर दोघा-तिघांचं भाडं. कारण तिथे आई मुलाचं, मित्र मित्राचं सर्रास भरतात. ती फेज टूमध्ये गेली. दुसरी होती ड्रायव्हरला दिवसभरात किती जमा झालं ते त्याच्याच पडद्यावर, लगेच दिसण्याबद्दल. त्यावर लिहून आलं, "ऑपरेटर ठरवेल."

29 तारखेला संप सुरू झाला. मुदतही संपली. त्यानंतरच्या शनिवारी, 4 मेला, मी मुद्दाम कुबाओच्या स्टँडवर गेलो. जुन्या जीपनी होत्या, रांग होती, ओरडून गाडी भरणारा माणूसही होता. त्या ड्रायव्हरच्या गाडीच्या मागच्या मडगार्डवर निळा घोडा होता, तो शोधला. अर्धा तास थांबलो, दिसला नाही. दुसऱ्या फेरीवर असेल, किंवा घरी असेल.

शेवटी कियापोची दुसरी गाडी पकडली. ड्रायव्हरमागची जागा रिकामी होती, तिथेच बसलो. एकदम तीन हात आले. या वेळी मी ठरवलंच होतं, की प्रत्येकाचे सुट्टे आधी मोजायचे, कोणाचे ते विचारायचं, मगच मागे द्यायचे. "इलान? इसा? एस्तुद्यान्ते?" किती, एक का, विद्यार्थी का? दुसऱ्याचे मोजत होतो तेव्हा ड्रायव्हरने आरशातून माझ्याकडे वैतागून पाहिलं. त्याचा हात पुढचे सुट्टे घेऊन कधीचा मागे थांबला होता.