अण्णांच्या मनगटाचं माप

वय झालं की माणसाचं मनगट उतरतं. चेहरा ओढलेला लगेच दिसतो, चाल मंदावलेली कळते. मनगटाकडे कुणी बघत नाही. अण्णांच्या डाव्या पंजाच्या पाठीवर काळानिळा डाग वरचेवर दिसायला लागला, तेव्हा माझं लक्ष गेलं. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असल्या की जरा लागलं तरी डाग पडतो. पण हा डाग नेहमी एकाच जागी असायचा. उठताना अण्णा तळहात खुर्चीच्या हातावर रेटतात; त्या वेळी सैल पट्ट्यामुळे खाली घसरलेल्या घड्याळाची चावी पंजाच्या पाठीत रुतत होती.

अण्णा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. गाडी सुटायची वेळ त्यांनी भिंतीवरच्या घड्याळात कमी आणि मनगटावर जास्त पाहिली. घड्याळ एचएमटीचं ‘जनता’. १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानं एचएमटीनं बंगळूरला घड्याळांचा कारखाना काढला, आणि पुढं या देशातल्या कितीतरी नोकरदारांच्या मनगटावर पहिलं घड्याळ चढलं ते तिथलंच. रोज सकाळी चहाआधी चावी द्यायची, मग दिवस सुरू. आता संधिवातानं अंगठा आणि तर्जनी वळत नाहीत, ती बारीक चावी चिमटीत धरवत नाही. पट्ट्याला आणखी भोकं पाडून झाली होती. पण लांब पट्टा आतल्या भोकात ओढला की बकल मनगटाच्या मधोमध न राहता एका बाजूला जातं आणि घड्याळ कलंडतं.

नवं घड्याळ घ्यायचं ठरल्यावर घरातल्या सगळ्यांचं एकच म्हणणं: नजर कमी झालीय, मोठं घड्याळ घ्या. भाऊ पुण्याहून एक घेऊनही आला, चव्वेचाळीस मिलिमीटरचं. अण्णांनी ते घातलं आणि लेकाच्या समाधानासाठी हात वर करून दाखवला. पट्टा जिथं अडकतो ती केसची वरखालची टोकं मनगटाच्या दोन्ही कडांबाहेर आली होती. खालून उजेड दिसत होता. मला ते बघवेना. आयुष्यभर इस्त्रीची बाही मनगटाशी नीट बसवणाऱ्या माणसाच्या हातावर ते परक्याचं वाटत होतं.

मग मी अण्णांना साताऱ्यात राजवाड्याजवळ एका जुन्या घड्याळजींकडे घेऊन गेले. त्यांनी काउंटरवर एकही घड्याळ मांडलं नाही. आधी दोरा मागवला. मनगटाच्या हाडामागे, कोपराच्या बाजूला, दोरा गुंडाळून पट्टीवर धरला: साडेचौदा सेंटिमीटर. नंतर मनगटाचा वरचा सपाट भाग आडवा मोजला: शेहेचाळीस मिलिमीटर. म्हणाले, “ताई, हा आकडा लक्षात ठेवा. डायल केवढी हे लोक विचारतात. विचारायचं असतं ते या टोकापासून त्या टोकापर्यंत केवढं. ते शेहेचाळीसच्या आत पाहिजे, चाळीस-बेचाळीस असलं तर उत्तम.”

खोक्यावर बहुतेक वेळा केसचा व्यास लिहिलेला असतो, हे टोकापासून टोकापर्यंतचं माप क्वचितच. त्यामुळे एकाच व्यासाची दोन घड्याळं एकाच हातावर अगदी वेगळी बसतात. टोकं खाली वळलेली असतील तर घड्याळ मनगटाला धरून राहतं; सरळ असतील तर अधांतरी उभं राहतं. मोजपट्टी घेऊन दुकानात जावं, असं मला आता मनापासून वाटतं.

राहिला नजरेचा प्रश्न. घड्याळजींनी भावाचं घड्याळ आणि एक छत्तीस मिलिमीटरचं शेजारी ठेवलं आणि अण्णांना हातभर अंतरावरून वेळ विचारली. मोठ्याच्या तबकडीवर तीन छोट्या तबकड्या होत्या, काच चमकत होती, काटे चंदेरी आणि मागची जमीनही चंदेरी. अण्णांना ते वाचायला वेळ लागला. लहान घड्याळात पांढऱ्या तबकडीवर काळे जाड काटे, बारापैकी बारा आकडे, कडेची पट्टी अगदी अरुंद. अण्णांनी एका नजरेत वेळ सांगितली. स्वित्झर्लंडच्या रेल्वेस्थानकांसाठी हान्स हिल्फिकर यांनी १९४४ मध्ये आखलेलं घड्याळ प्रसिद्ध आहे. त्यात आकडे मुळीच नाहीत, तरी दुरून वाचता येतं, कारण पांढऱ्यावर काळं आणि मध्ये गर्दी नाही. अण्णांना मात्र आकडे हवेच होते. “गाडी बाराच्या आकड्यावर सुटते,” ते म्हणाले.

मला आपोआप चावी भरणारं घड्याळ घ्यायचं होतं, रोजची चिमूट वाचावी म्हणून. घड्याळजींनी नको म्हटलं. ते हाताच्या हालचालीवर चालतं; दिवसाचा बराच वेळ खुर्चीत बसणाऱ्याच्या हातावर ते पुरेसं भरत नाही आणि पहाटे बंद पडतं. शिवाय ते जाड असतं, बाहीत अडकतं. सेलवरचं क्वार्ट्झ पातळ मिळतं आणि त्याला रोज हात लावावा लागत नाही.

पट्ट्यावर सगळ्यात जास्त वेळ गेला. मला नायलॉनचा, चिकटपट्टीचा आवडला होता, कारण संध्याकाळी हात सुजतो तेव्हा तो हवा तेवढा सैल करता येतो. अण्णांनी तो हातातही घेतला नाही. शाळकरी पोराचा पट्टा मी घालणार नाही, एवढंच म्हणाले, आणि ते खरंच होतं. घड्याळ रोज घालायचं त्यांना होतं. शेवटी आखूड मापाचा, आत गादी नसलेला मऊ चामड्याचा पट्टा निवडला आणि त्याला घडी होणारी पोलादी कडी लावली. उघडली तरी पट्ट्याचं कडं तसंच राहतं, त्यामुळे बोटं थरथरली तरी घड्याळ फरशीवर पडत नाही. अंगठ्यानं कडी उघडता येते का, हे अण्णांकडून तिथंच पुन्हा पुन्हा करवून घेतलं.

केसही तपासून घेतली. मागे ‘स्टेनलेस स्टील बॅक’ लिहिलेलं असलं की फक्त मागचं झाकण पोलादाचं असतं. बाकी केस मुलामा दिलेल्या पितळेची असू शकते. तो मुलामा घामानं झिजतो, आणि म्हाताऱ्या पातळ कातडीला मग खाज सुटू शकते. आम्ही पूर्ण पोलादी घेतली, कडा गोल असलेली. आणि ‘तीस मीटर’ म्हणजे हात धुताना उडणारं पाणी, त्यापुढं नाही. अंघोळीआधी काढून ठेवायचं.

शेवटची परीक्षा घड्याळजींनीच घेतली. घड्याळ हाडाच्या मागे बसवलं, पट्ट्याखालून एक बोट सरकतंय ना पाहिलं आणि अण्णांना काउंटरवर तळहात टेकून उठायला सांगितलं. अण्णा उठले. चावी पंजाला लागली नाही.

पट्टा कायमचा जुळवायचं मात्र संध्याकाळवर ठेवलं होतं. सकाळचं मनगट वेगळं, चालून आल्यावरचं वेगळं. सातच्या सुमारास फिरून आल्यावर कडी एक भोक पुढं घेतली आणि तेच माप राहिलं.

आता अण्णा येणाऱ्याजाणाऱ्याच्या मनगटाकडे बघतात. परवा भाच्याचं घड्याळ पंजावर घसरलेलं दिसलं, तर पेपर बाजूला ठेवून त्याला जवळ बोलावलं आणि म्हणाले, “हाडाच्या मागे घे बाळा, आणि तो पट्टा आखूड करून आण. दोरा देऊ का मापाला?”