कोलकात्यातला मराठा खंदक

व्हिक्टोरिया मेमोरियल, हावडा पूल आणि कालीघाट पाहून झाले की बहुतेक मराठी पर्यटक कोलकात्याचा निरोप घेतात. पण शहराच्या उत्तरेला, बागबाजारात, ‘मराठा डिच लेन’ नावाची एक गल्ली आहे. डिच म्हणजे खंदक. महाराष्ट्रापासून इतक्या दूर मराठ्यांच्या नावाचा खंदक कसा?

१७४२ साली नागपूरकर रघुजी भोसल्यांचे सरदार भास्करराम कोल्हटकर चौथाई वसूल करण्यासाठी फौज घेऊन बंगालमध्ये उतरले. सरकारी घोड्यावरच्या मराठा स्वाराला बारगीर म्हणत. बंगाली तोंडी त्याचे ‘बर्गी’ झाले. गावे लुटली गेली, जाळली गेली. लोक जीव घेऊन भागीरथीपार पळाले. बंगाली आयांच्या अंगाईत ही भीती आजही आहे.

घाबरलेल्या कलकत्तेकरांनी शहराभोवती सात मैलांचा खंदक खणायला घेतला. सहा महिन्यांत तीन मैल काम झाले. पण मराठे तिथवर आलेच नाहीत आणि खंदक अर्धवटच राहिला.

बंगालला शांतता मिळाली ती तहामुळे. १७४४ मध्ये नवाब अलीवर्दीखानाने भास्कररामांना मनकरा येथे बोलणीसाठी बोलावून दगा देऊन ठार मारले. त्याने स्वाऱ्या थांबल्या नाहीत, उलट सूडाला धार चढली. अखेर दोन्ही बाजू थकल्या आणि १७५१ साली तह झाला. नवाबाने दरवर्षी १२ लाख रुपये चौथाई द्यायची आणि मराठ्यांनी सुवर्णरेखा नदी ओलांडायची नाही, असे ठरले. ओडिशाही नागपूरकरांच्या ताब्यात गेला, तो १८०३ पर्यंत राहिला.

मुलूख न जिंकता महसुलाचा चौथा हिस्सा घ्यायचा, या कल्पनेला १७१९ साली शाहू महाराजांना मिळालेल्या बादशाही सनदेने दख्खनमध्ये मान्यता दिली होती. तिच्याच बळावर सह्याद्रीतले राज्य पूर्व समुद्रापर्यंत पोहोचले. त्याची किंमत मात्र बंगालच्या शेतकऱ्याने मोजली.

१७९९ च्या सुमारास खंदक बुजवून त्यावर सर्क्युलर रोड झाला. आज त्याला आचार्य प्रफुल्लचंद्र रोड आणि आचार्य जगदीशचंद्र बोस रोड म्हणतात. श्यामबाजार मेट्रो स्थानकावर उतरून सियालदहकडे चालत निघालात, तर तुमची वाट त्या खंदकावरूनच जाते. आपल्या पुस्तकांतला पराक्रम आणि तिथल्या अंगाईतली भीती, दोन्ही एकाच इतिहासाची पाने आहेत. कोलकात्याला गेलात तर ही दुसरी बाजूही जरूर पाहून या.