पुढचा रविवार

ज्या असत्याचा उच्चार सभ्य मनुष्य अगदी निर्धास्तपणे करतो, आणि ज्याचे प्रायश्चित्त कोणत्याही स्मृतिकाराने सांगून ठेवलेले नाही, असे एक असत्य म्हणजे 'पुढच्या रविवारी नक्की' हे होय. ते बोलणाऱ्यास आपण खोटे बोलत आहो असे वाटत नाही, आणि ऐकणाऱ्यासही त्याचा राग येत नाही. खरा पेच असा आहे की, पुढचा रविवार कधी उगवतच नाही. तो उगवला म्हणजे त्याचे नाव 'आजचा रविवार' असे होते, आणि आजच्या रविवारी आम्हांस नेमके काहीतरी काम निघते. या एका वाक्याच्या आश्रयाने आम्ही आमच्या शेजाऱ्यांचे एक आमंत्रण बावीस वर्षे टाळले. ते अखेर कसे स्वीकारले, आणि त्यासाठी आम्हांस वाडीहून निघून आयर्लंडपर्यंत जाऊन का यावे लागले, ती हकीकत येथे सांगावयाची आहे.

नागपुरास सीताबर्डीहून अमरावतीच्या रस्त्याने पश्चिमेकडे निघाले म्हणजे वाडी लागते. पूर्वी या रस्त्यास राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ म्हणत, आता ५३ म्हणतात. पण त्यावरून जाणाऱ्या ट्रकांच्या संख्येत या बारशामुळे काही फरक पडलेला नाही. मालधक्क्यासारखी मोठमोठी गुदामे, टायरांची दुकाने, अंबाझरीच्या आयुधनिर्माणीत जन्म घालविलेल्या माणसांची टुमदार घरे आणि या सर्वांवर पसरलेली धूळ, हे आमचे गाव. आमचे शेजारी त्याच कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांचे वडील इतवारीत हातमागावर लुगडी विणीत. हलबा कोष्टी समाजात माणसाला आदराने 'सावजी' म्हणतात, म्हणून आम्हीही त्यांना सावजीच म्हणत असू. आणि आम्ही मास्तरकी करीत असल्यामुळे ते आम्हांस 'सर' म्हणत.

हमरस्त्याला लागूनच पत्र्याच्या छपराची एक सावजी खानावळ आहे. दर रविवारी सकाळी आमचे शेजारी कुंपणापाशी येऊन म्हणावयाचे, "चाला ना जी सर, आज जेवून येऊ." आम्ही म्हणावयाचे, "आज नको सावजी, पुढच्या रविवारी नक्की." आम्ही मांसाहार करीत नाही ही सबब आम्ही एकदा पुढे करून पाहिली. त्यावर त्यांचे उत्तर तयार होते: "मटन नोका खाऊ जी. पाटोडीचा रस्सा खा, डाळकांदा खा. कोन तुमाले मटन खा म्हन्ते?" यानंतर आमच्याजवळ रविवारावाचून दुसरा आधार उरला नाही.

खरे कारण पाटोडीचे नव्हते आणि मटणाचेही नव्हते, हे आता कबूल करावयास हरकत नाही. त्या खानावळीच्या दारात ट्रक उभे असत, आतून मोठ्याने हसण्याचा आवाज येई, आणि काही मेजांवर काचेचे पेले दिसत. त्यांत काय असेल याची आम्ही कधी चौकशी केली नाही. जे पाहिले नाही त्याविषयी मत बनविणे नेहमीच सोपे असते. त्यातून आमच्याकडे 'संत्रा' या निष्पाप शब्दालाही दोन अर्थ आहेत. एक फळबाजारात मिळतो आणि दुसरा देशी दारूच्या दुकानात. मराठी पांढरपेशा घराची पानगृहाशी पहिली ओळख 'एकच प्याला' या नाटकाने करून दिली. राम गणेश गडकरी आमच्याच जिल्ह्यात, सावनेर येथे, २३ जानेवारी १९१९ रोजी वारले, आणि त्यानंतर त्याच वर्षी ते नाटक रंगभूमीवर आले. त्यातील आर्य मदिरा मंडळ पाहिलेल्या, किंवा नुसते वाचलेल्या, घरातल्या मुलास चारचौघे मिळून पेले पुढे घेऊन बसले आहेत एवढे दृश्य दिसले तरी सिंधूचे अश्रू आठवतात. आम्ही अशाच घरात वाढलो. त्या अश्रूंबद्दल आम्हांस आजही आदर आहे. मात्र त्यांच्या आडोशाला आम्ही दुसरीच एक गोष्ट लपवीत होतो. ज्यांच्याशी कुंपणावरून बोलणे चालते, त्यांच्या पंक्तीला बसणे आम्हांस नको होते. ही गोष्ट आम्ही स्वतःशीसुद्धा मोठ्याने बोललो नव्हतो.

पुढे आम्ही सेवानिवृत्त झालो आणि मुलीने आम्हां उभयतांस तीन महिन्यांसाठी डब्लिनला बोलाविले. तेथे एका संध्याकाळी पाऊस पडत असता ती म्हणाली, "बाबा, चला, कोपऱ्यावरच्या पबमध्ये जेवून येऊ." आम्ही आमच्या कुटुंबाकडे पाहिले. तिने छत्री अगोदरच हातात घेतली होती. पुढच्या रविवारचे नाव काढावे तर तो दिवस रविवारच होता.

आत गेलो तो प्रथम ऊब जाणवली. बुटके लाकडी छत, भिंतीवर जुन्या तसबिरी, एका बाजूस विस्तव, आणि त्याच्याजवळच्या बाकावर एक आजीबाई सूप पीत बसलेल्या. एक बाप आपल्या लहान मुलाला बटाटे भरवीत होता. तंबाखूचा धूर कोठेही नव्हता, कारण २९ मार्च २००४ पासून त्या देशाने अशा सर्व जागी धूम्रपानास बंदी केली आहे, आणि असे करणारा तो पहिलाच देश. कोपऱ्यात लाकडी आडोसा घालून केलेली एक चिमुकली खोली होती. पूर्वी बायका उघड्यावर बसून पेला घेणे शिष्टसंमत नव्हते, तेव्हा त्या अशा आडोशात बसत, असे मुलीने सांगितले. खेड्यापाड्यांत तर एकाच छपराखाली पुढे वाणसामान आणि मागे पेय अशीही रीत असे. 'पब्लिक हाउस' या शब्दांचा सरळ अर्थ 'सार्वजनिक घर' असा होतो. इंग्रजी शिकविण्यात आमचा जन्म गेला. पण त्यातील 'घर' या शब्दाकडे आमचे लक्ष त्या दिवशी प्रथम गेले.

आम्ही बटाट्याचे सूप, जाडीभरडी तपकिरी पाव आणि चहा मागितला. चहा मागितल्याबद्दल कोणी हसले नाही. शेजारच्या मेजावरील वृद्ध गृहस्थांपुढे मात्र त्या देशाचे प्रसिद्ध काळे पेय आले. ते एकदम ओतीत नाहीत. पाऊण पेला भरून थांबतात, फेस स्थिरावू देतात आणि मग उरलेला भरतात. तेवढा वेळ पिणारा आणि ओतणारा दोघेही, संध्येतील प्राणायाम चालावा तसे, स्तब्ध असतात. या पेयाच्या कारखान्यासाठी आर्थर गिनेस याने १७५९ साली डब्लिनमध्ये जी जागा घेतली, तिचा करार वर्षाला ४५ पौंडांप्रमाणे ९००० वर्षांचा होता. आमच्या वाडीत अकरा महिन्यांचा भाडेकरार करतानाही घरमालकाची छाती धडधडते!

त्या गृहस्थांनी आमची चौकशी केली. कोठून आलात, तिकडे पाऊस कसा असतो, हे झाल्यावर त्यांनी अगदी सहज विचारले, "आणि तुमच्या गावी तुमची अशी जागा कोणती?" जिथे आपण गेलो नाही तर लोक चौकशी करतात, ती आपली जागा, हाही अर्थ त्यांनीच समजावून सांगितला. आम्ही विचारात पडलो. वाचनालय आठवले, पण तेथे बोलण्यास मनाई. देऊळ आठवले, पण तेथे सगळे देवाशी बोलतात. इतक्यात मुलगीच म्हणाली, "आहे ना. हमरस्त्यावरची सावजी खानावळ."

आम्ही चकित होऊन तिच्याकडे पाहिले. तेव्हा समजले की, चौथीत असल्यापासून ती शेजारच्या मुलीबरोबर दर पंधरा दिवसांनी तेथे जात असे. सावजी दोघींना सायकलवर बसवून नेत, पाटोडीचा रस्सा खाऊ घालीत आणि घरी येण्यापूर्वी आमच्या कुंपणाबाहेरच्या नळावर तिचे तोंड धुववीत. आमचे कुटुंब शांतपणे सूप पीत होते. तिलाही हे ठाऊक होते. म्हणजे आमच्या घरातील ज्या एका माणसासाठी ते आमंत्रण अजून पडून राहिले होते, ते आम्हीच.

आयर्लंडात सगळे गोड आहे असे आम्ही म्हणत नाही. त्या देशानेही दारूचे दुःख पुष्कळ पाहिले आहे. कॉर्क शहरी फादर मॅथ्यू या धर्मगुरूने १८३८ साली मद्यत्यागाची चळवळ सुरू केली आणि लक्षावधी लोकांनी शपथा घेतल्या. गुड फ्रायडेला मद्यविक्री बंद ठेवण्याचा १९२७ सालचा निर्बंध तर २०१८ साली उठला. तेव्हा सिंधूचे अश्रू तेथेही गळलेले आहेत. पण त्या लोकांनी पेल्याची भीती बाळगली म्हणून बाकाची भीती बाळगली नाही. पेला वर्ज्य करूनही बाकावर बसता येते, ही साधी गोष्ट आम्ही साठी उलटल्यावर, चहाचा कप हातात धरून शिकलो.

वाडीस परत आलो ते मनाशी निश्चय करून. सामान खाली ठेवले आणि कुंपणापाशी गेलो. सावजी व्हरांड्यात बसले होते, पण निम्मे झाले होते. आमच्या माघारी त्यांस हृदयविकाराचा झटका आला होता. तेल, तिखट, मटण सर्व बंद. आम्ही अवाक् होऊन उभे राहिलो. बावीस वर्षांचे रविवार, म्हणजे हजाराहून अधिक रविवार, आमच्या डोळ्यांपुढून गेले. अखेर आम्ही कसेबसे म्हणालो, "सावजी, आज रविवार आहे. जेवायला जायचे का?"

ते आमच्याकडे बराच वेळ पाहात राहिले. मग म्हणाले, "चाला जी. मी ताक पितो. तुम्ही खा."

खानावळीत आम्ही शिरलो तेव्हा मालक, आचारी आणि वाढणारा मुलगा असे तिघे धावत आले. आमच्यासाठी नव्हे, सावजी दोन महिन्यांनी आले होते म्हणून. त्यांची ठरलेली जागा पंख्याखाली, भिंतीशी होती. तेथे एक ट्रकवाला बसला होता. तो काही न विचारता उठला आणि आपले ताट घेऊन पलीकडे गेला. 'जिथे आपण गेलो नाही तर लोक चौकशी करतात,' हे शब्द आम्हांस आठवले.

पाटोडीचा रस्सा आला. रंग त्या आयरिश पेयासारखाच काळसर, आणि वर फेसाऐवजी लाल तर्री. दोन्हीकडे जाणकार मनुष्य वस्तूची परीक्षा वर तरंगणाऱ्या थरावरून करतो, हे साम्य आम्ही पहिल्या घासापूर्वीच काय ते पाहू शकलो. पहिल्या घासानंतर आम्हांस काही दिसेनासे झाले. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि कानांत महामार्गावरील सर्व ट्रकांचे भोंगे! सावजी आनंदाने मांडीवर थाप मारून हसू लागले. "लिंबू पिळा जी, लिंबू! आन् कांदा खा!" दुसरा घास घेतला तेव्हा तिखटाच्या मागे उभे असलेले खोबरे, खसखस, दगडफूल आणि मोठी वेलची एकामागून एक पुढे आली. जो पहिल्याच घासाला पळून जातो त्याची या मसाल्याशी ओळख होत नाही. बहुधा माणसांशीही होत नसावी.

आम्ही खात होतो आणि सावजी ताकाचे घोट घेत सांगत होते. एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली, तिचे व तिच्यासारख्या इतर गिरण्यांचे कापड स्वस्त पडे, आणि घरच्या मागावरचे लुगडे महाग ठरे. मागावर घरातली सगळी माणसे राबत, म्हणून चुलीवरही पुरुष आणि बायका दोघांचे हात चालत. जवसाचे तेल, घरी कुटलेला मसाला आणि चार भाकरी, एवढ्यावर दिवस काढावयाचा. मागाचे उत्पन्न घटले तेव्हा कित्येकांनी घराची पुढची खोली मोकळी केली, दोन बाके टाकली आणि घरचेच जेवण लोकांस वाढू लागले. त्या गिरणीस २००२ साली कुलूप लागले. बाके मात्र राहिली. "माग बसला सर, पन पंगत नाही बसली," सावजी म्हणाले. आम्ही आतापर्यंत ज्याला गुत्ता समजून नाक मुरडीत होतो, ते एका विणकराचे घर होते. सार्वजनिक घर!

आणि ते पेले? आम्ही आता जवळून पाहिले. आमच्या मेजावरचा ताकाचा होता. पलीकडच्या एकात पाणी होते, आणि एकात काय होते ते आम्हांस कळले नाही. कळून घेण्याची गरजही वाटली नाही.

पैसे देण्यावरून बरीच झटापट झाली आणि त्यांत आजारी माणूस जिंकला. बाहेर आलो. उन्हात ट्रकांची रांग उभी होती. सावजींना चालताना दम लागत होता, म्हणून आम्ही त्यांच्या कोपराखाली हात घातला. बावीस वर्षांत हा आमचा त्यांना पहिला स्पर्श असावा. कुंपणाच्या फाटकाशी ते थांबले.

"मंग सर, पुढच्या रविवारी?"

आम्ही 'नक्की' हा शब्द वापरला नाही. त्याची किंमत आम्ही स्वतःच घालविली होती. आम्ही फक्त विचारले, "किती वाजता?"