नानांच्या पिकअपमध्ये किती जाळ्या?

माझं ऑफिस चंदीगडच्या सेक्टर ३४ मध्ये आहे. खालच्या मजल्यावर आयईएलटीएसचा क्लास, आजूबाजूला कॅनडाचा व्हिसा काढून देणाऱ्यांच्या पाट्या. जिन्यात उभी असलेली निम्मी पोरं तिकडे जाऊन ट्रक चालवायची स्वप्नं बघत असतात. मी मात्र नाशिक जिल्ह्यातली, बी.ए. इंग्लिश. लग्नानंतर नवऱ्याच्या मोहालीतल्या नोकरीमुळे इकडे आले आणि कंटेंट रायटर झाले. काम काय, तर परदेशी क्लायंट सांगेल त्यावर लिहायचं. आज गादी, उद्या दातांचा डॉक्टर.

गेल्या महिन्यात विषय आला: अमेरिकेतल्या हेवी-ड्यूटी पिकअप गाड्या किती वजन वाहू शकतात आणि किती ओढू शकतात. मी हसलेच. मी पिकअपवाल्याची मुलगी! नाना, म्हणजे माझे वडील, गेली पंधरा वर्षं पिकअप चालवतात. टोमॅटोच्या जाळ्या पिंपळगाव बसवंतच्या मार्केटला, कधी थेट वाशीला. म्हटलं, हा लेख एका दुपारी होईल.

तीन दिवस लागले. आणि त्या तीन दिवसांत मला आमच्याच घरातली एक गोष्ट नव्याने कळली.

आधी हिशेब सांगते, कारण तो तुमच्याही कामाचा आहे. प्रत्येक गाडीला कंपनीने ठरवलेलं एक कमाल वजन असतं: गाडी, माल, माणसं, डिझेल, सगळं धरून. त्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की उरतं ते पेलोड, म्हणजे गाडी अंगावर घेऊ शकते तेवढा भार. ओढायची क्षमता वेगळी. ती मागे जोडलेल्या ट्रेलरची. इथपर्यंत सोपं आहे. गंमत पुढे आहे, कारण हे दोन आकडे वेगवेगळे छापले तरी एकमेकांच्या ताटात जेवतात.

समजा, तिकडच्या एका दणकट पिकअपचं कमाल वजन १०,००० पौंड आहे, म्हणजे सुमारे ४,५३६ किलो. रिकामी गाडी ७,२०० पौंड. उरले २,८००. जाहिरातीत लिहिलंय की ही गाडी १४,००० पौंडांचा ट्रेलर ओढते. आता मोठ्या ट्रेलरचा पुढचा भाग पिकअपच्या हौद्यातल्या कपलिंगवर टेकतो आणि ट्रेलरच्या वजनाचा साधारण १५ ते २५ टक्के भार त्या हौद्यात येतो. २० टक्के धरा. १४,००० चे २० टक्के किती? २,८००. म्हणजे पेलोड तिथेच संपला. आता ड्रायव्हर बसला की गाडी ओव्हरलोड! बायको, दोन मुलं, कुत्रा आणि सरपणाचा ढीग हे सगळं तर अजून अंगणातच आहे. जाहिरात खोटी नसते, पण ती एका वेळी एकच आकडा सांगते.

आपल्याकडे पिकअपला ट्रेलर लावून सहलीला जायची पद्धत नाही. आपलं ओढणं म्हणजे ट्रॅक्टर. उसाच्या हंगामात सांगली-कोल्हापूरकडे एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या बघितल्या असतील. त्यातल्या बहुतेकींना स्वतःचा ब्रेक नसतो. चढ ओढून नेला म्हणजे जिंकलं, असं आपल्याला वाटतं. खरी परीक्षा उतारावर, थांबवताना असते. इंजिनाची ताकद सगळे विचारतात, ब्रेकची कुणी विचारत नाही.

पौंडांचे किलो करताना माझा हात थांबला. २,८०० पौंड म्हणजे साधारण १,२७० किलो. एवढी धिप्पाड गाडी आणि वाहणार एवढंच? मग आमची पिकअप किती वाहते? घरच्या कागदपत्रांचे फोटो फोनमध्ये असतातच. आरसी उघडली. रिकामं वजन १,७२०, एकूण वजन ३,०२०. वजाबाकी १,३००.

मोटार वाहन कायद्यात रिकाम्या वजनाची जी व्याख्या आहे, तिच्यात ड्रायव्हर आणि मदतनीस धरलेले नाहीत. म्हणून नाना, सोबतचा माणूस, ताडपत्री आणि दोर मिळून १५० किलो धरले. उरले १,१५०. टोमॅटोची जाळी २० किलोची, रिकामी जाळी दीड किलो. भागाकार केला. त्रेपन्न.

नाना शंभर भरतात.

शंभर जाळ्या म्हणजे २,१५० किलो, वर ते १५०. बरोबर एक टन जास्त. मी कॅल्क्युलेटरवर तीनदा केलं. बी.ए. इंग्लिश असल्यामुळे स्वतःवर विश्वास कमी, म्हणून शेजारच्या अकाउंटंटलाही करायला लावलं.

आता ती गोष्ट. मी दहावीत होते. नाना एकदा रात्री दोनला घरी आले आणि अंगणात करपल्याचा वास पसरला. वाशीला जाताना कसारा घाटात ब्रेक लागेनासे झाले होते. गिअर खाली टाकत, डोंगराच्या बाजूला चाकं घासत त्यांनी गाडी थांबवली होती. आमच्या घरात ही शौर्यकथा आहे. पाहुणे आले की नाना सांगतात, “स्टिअरिंग इतकं हलकं झालं होतं, गाडी पाण्यावर चालल्यासारखी!” आम्ही दरवेळी तितक्याच कौतुकाने ऐकतो.

लेख लिहिताना मला कळलं, स्टिअरिंग हलकं का झालं होतं. मालाचा भार मुख्यतः मागच्या अ‍ॅक्सलवर येतो. माल त्याच्याही मागे सरकला तर पुढची बाजू उचलू बघते आणि पुढच्या चाकांची रस्त्यावरची पकड सुटत जाते. आणि ब्रेक? गाडी थांबते तेव्हा तिच्या सगळ्या वेगाची उष्णता होते आणि ती ब्रेकने पचवायची असते. ३,०२० किलोसाठी बनवलेल्या ब्रेकला त्या रात्री ४,०२० किलोची उष्णता पचवायची होती, तीही अख्खा घाट. तापलेलं लायनिंग धरत नाही. करपलेला वास त्याचाच होता. त्या रात्रीच्या शौर्याचं कारण आम्हीच हौद्यात भरलं होतं. शेवटच्या दहा जाळ्या तर मी आणि भावाने वर दिल्या होत्या.

हे नानांना सांगायचं कसं? आणि सांगणं भाग होतं, कारण या हंगामापासून गाडी माझा धाकटा भाऊ चालवणार आहे. त्याच्याकडे साधं कारचं लायसन्स आहे आणि ते चालतं. ७,५०० किलोंपर्यंतचं मालवाहू वाहनही हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येतं, असं सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलंय. कायद्याच्या भाषेत आमची गाडी हलकी आहे. शंभर जाळ्या घातल्या की ती हलकी राहत नाही, एवढंच.

रविवारी फोन केला.

“नाना, आपल्या गाडीत त्रेपन्न जाळ्याच बसतात.”

“कोण म्हणतं? शंभर बसतात. मी बसवतो.”

“बसतात हो, पण पेलत नाहीत.”

“तायडे, कंपनीवाले कमीच लिहितात. आणि त्रेपन्न जाळ्यांत डिझेलचे तरी पैसे सुटतील का? तू तिकडे एसीत बसून सांग.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि खरं सांगायचं तर अजूनही पूर्ण नाही. भाडं जाळीमागे मिळतं. टोमॅटो एक दिवस थांबत नाही. दोन खेपा म्हणजे दुप्पट डिझेल, दुप्पट टोल, झोप निम्मी. मी दंड सांगून बघितला: २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ मध्ये २०,००० रुपये, वर दर जादा टनाला २,०००, शिवाय जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलत नाही. नाना म्हणाले, “पंधरा वर्षांत कुणी धरलं नाही.” अपघात झाला तर ओव्हरलोडवरून विम्याचा दावा अडू शकतो, हेही सांगितलं. ते गप्प राहिले.

मग मी कसाऱ्याचं सांगितलं. स्टिअरिंग का हलकं झालं ते. बराच वेळ पलीकडून टीव्हीचाच आवाज येत होता. शेवटी म्हणाले, “त्या दिवशी एकशे दहा होत्या.” आणि फोन आईकडे दिला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी सेक्टर ३४ च्या प्रदर्शनाच्या मैदानावर गेले. कुठल्याशा सेलचा मंडप लागत होता, पिकअप आणि छोटे हाथी रांगेत उभे होते. प्रत्येकाच्या बाजूला रिकामं वजन आणि भरलेलं वजन रंगवलेलं. लहानपणापासून नानांच्या गाडीवरही ते आकडे बघत आलेय, दर दिवाळीला पुसून काढलेत, पण वाचले कधी नव्हते. तुम्हीही घर बदलताना टेम्पो बोलवाल तेव्हा कपाट चढवण्याआधी एकदा तिकडे बघा. त्या दोन आकड्यांच्या फरकात तुमचं कपाट, पुस्तकांची खोकी आणि केबिनमध्ये कोंबून बसलेले काका, सगळं आलं. आपल्या कारलाही अशी मर्यादा असते. पाच माणसं, भरलेली डिकी आणि टपावर बॅगा असं कोकणात जाताना ती सहज ओलांडली जाते. निदान टायरची हवा भरलेल्या गाडीसाठी सांगितली आहे तेवढी करून घ्या.

लेख मी क्लायंटला पाठवला. “छान, पण शेवट जरा आनंदी करा,” असं उत्तर आलं. केला.

परवा सकाळी नानांनी व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो पाठवला. काहीही न लिहिता. वजनकाट्याची पावती होती, ३,३७० किलो. पंधरा वर्षांत भरलेली गाडी त्यांनी पहिल्यांदा स्वतःहून काट्यावर घातली होती. भावाला विचारलं तर म्हणाला, सत्तर जाळ्या होत्या.

मी लिहिलं, “नाना, अजून ३५० जास्त आहे. सतरा जाळ्या काढा.”

निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. संध्याकाळी भावाचा मेसेज आला: “ताई, नाना म्हणतायत उद्या साठ. पुढचं पुढे बघू. आणि तुला विचारतायत, ताडपत्रीचं वजन नक्की किती धरलंस?”