गोदामांच्या गावी एक पुस्तक

वर्षावासातील रविवार म्हटला की आमच्या मंडळातील कोणी ना कोणी कुठल्या तरी विहारात असतोच. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत ठिकठिकाणी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ ह्या ग्रंथाचे वाचन चालते, हे आपल्या वाचकांना सांगावयास नकोच. ह्या वर्षी मात्र एका रविवारचे आमंत्रण थोडे वेगळे आले. आमच्या परिचयाच्या एका छोट्या प्रकाशकांचा निरोप होता : “भिवंडीतील एका ताईंचे आत्मकथन हाती आले आहे. छापण्यापूर्वी ते त्यांच्याच वस्तीत वाचून दाखवावयाचे आहे. लेखिका आणि लोक समोरासमोर यावेत, प्रतींची आगाऊ नोंदणी व्हावी. मदतीला या.”

ताईंचे नाव आम्ही येथे देत नाही. “पुस्तक निघेपर्यंत नाव छापू नका. निघालेच नाही तर चारचौघांत हसे होईल,” असे त्यांनी बजावले आहे. प्रकाशकांचे नाव दिले तर ताईंचे नाव कळणारच, म्हणून तेही राहू द्या.

ठाण्याहून आम्ही चौघे निघालो. प्रकाशकबंधू स्टेशनबाहेर आधीच उभे होते. दोन गठ्ठे, वरून प्लॅस्टिकचा कागद आणि सुतळी. स्वतः भिजले होते, पुस्तके कोरडी होती. बस कापूरबावडी, बाळकूम करीत कशेळीच्या पुलावर आली. खाली खाडी दुथडी भरून वाहत होती. पूल ओलांडला की भिवंडी तालुका लागतो आणि मग काल्हेर, पूर्णा, राहनाळ अशी गावे येतात. गावे कसली, गोदामेच! एकेकाळी येथे भाताची खाचरे आणि मिठागरे होती. मुंबई शहरात माल नेताना जकात भरावी लागे, ती नाक्याबाहेर ग्रामपंचायतीच्या हद्दीत लागत नसे, म्हणून व्यापाऱ्यांनी येथे माल साठविण्यास सुरुवात केली. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला, जकात गेली. गोदामे मात्र वाढतच राहिली. आज घरबसल्या मोबाईलवर मागविलेला माल येथूनच निघतो. साबण, टीव्ही, चपला आणि पुस्तकेही.

“ह्या पत्र्याखाली पुस्तके किती असतील?” आमच्यातील एकाने विचारले.

“मोजदाद नाही,” प्रकाशकबंधू म्हणाले. “माझे गोदाम माझ्या खाटेखाली आहे. पावसाळ्यात खाटेच्या पायांखाली विटा लावतो.”

ते हसत म्हणाले, पण आम्हांला हसू आले नाही.

अंजूरफाट्यावरून बस धामणकर नाक्याला लागली. पुढे रिक्षा. रस्त्यात खड्डे म्हणण्यापेक्षा खड्ड्यांत रस्ता म्हणावे, अशी अवस्था. भिवंडीत पाय ठेवला की आधी कान जागे होतात. गल्लीगल्लीतून यंत्रमागांचा खडखडाट चालू असतो. १८५७च्या उठावानंतर उत्तरेतून आलेल्या विणकर मोमीन कुटुंबांनी येथे हातमाग लावले, पुढे वीज आली आणि यंत्रमाग आले. जानेवारी १९८२ मध्ये मुंबईतील गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा तिकडचे कितीतरी काम इकडे वळले. मराठवाड्यातील, खानदेशातील, उत्तर प्रदेशातील, तेलंगणातील माणसे पोटासाठी येथे आली आणि एकेका खोलीत पाळीपाळीने झोपून दिवस काढू लागली.

बाहेरच्या जगाला भिवंडी ठाऊक आहे ती १९७० आणि १९८४ च्या दंगलींमुळे. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली असताना भिवंडी शांत राहिली, हे फार थोड्यांना आठवते. मोहल्ला समित्यांचा तो प्रयोग उभा करणारे पोलीस अधिकारी सुरेश खोपडे ह्यांनी त्यावर लिहिले, म्हणून तेवढे तरी आपल्यापर्यंत आले. लिहिले गेले नसते तर दंगल लक्षात राहिली असती आणि शांतता विसरली गेली असती. भिवंडीवर बाहेरून आलेल्यांनी लिहिले. मागाशेजारी बसून कांड्या भरणाऱ्या बाईने लिहिलेले मात्र आम्ही तरी अजून पाहिले नव्हते.

विहार म्हणजे वस्तीतील एक लांबट खोली. वर पत्रा, समोर तथागतांची मूर्ती, बाजूला प. पू. बाबासाहेबांची प्रतिमा. त्रिशरण-पंचशील झाले. पलीकडच्या कारखान्यातील मागांचा आवाज आणि पत्र्यावरचा पाऊस ह्यांतून वंदना उंच स्वरात म्हणावी लागली. साठएक माणसे जमली होती, त्यांत महिला अधिक.

ताई उभ्या राहिल्या. वय साठीच्या आसपास. १९७२ च्या दुष्काळात बीड जिल्ह्यातील गाव सोडून आईवडिलांबरोबर भिवंडीस आलेल्या. हातात मुलांच्या जुन्या वह्या होत्या. शाळेचे वर्ष संपल्यावर उरलेल्या कोऱ्या पानांवर त्यांनी सारे लिहिलेले. पहिल्या पानावर गणिते, मागच्या पानावर आयुष्य!

त्यांनी आईवरचे प्रकरण वाचले. आई निरक्षर. एका ६ डिसेंबरला ती चैत्यभूमीला गेली आणि परत येताना भाजीचे पैसे मोडून ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ घेऊन आली. घरात कुरबूर झाली. वाचणार कोण? दुसऱ्या दिवसापासून तिने नेम केला. रात्री ती कांड्या भरावयास बसे आणि शाळेत जाणाऱ्या मुलीने शेजारी बसून एक पान वाचावयाचे. मुलगी कंटाळून ओळी गाळू लागली की आई हात थांबवून म्हणे, “मधलं काहीतरी सांडलं बघ.” अक्षर न ओळखणाऱ्या बाईला सांडलेली ओळ कशी कळे, हे ताईंना आजही उमगलेले नाही. शेवटी आईचे एक वाक्य त्यांनी वाचले : “मला नाही येत वाचाया. पण पुस्तक घरात हाय, म्हंजी उद्या कुणीतरी वाचंल.”

पुढे बसलेल्या दोन म्हाताऱ्या उपासिका पदराने डोळे पुसत होत्या. ताईंनी वही मिटली तरी थोडा वेळ कोणी टाळी वाजविली नाही. मागच वाजत होते.

नंतर प्रकाशकबंधूंनी हिशेब मांडला. तीनशे प्रतींची आवृत्ती काढावयाची. अक्षरजुळणी, कागद, छपाई, बांधणी आधी रोख द्यावी लागते. दुकानात ठेवले तर छापील किमतीतील मोठा हिस्सा विक्रेत्याच्या सवलतीत जातो आणि उरलेले पैसे केव्हा येतील ह्याचा नेम नसतो. टपालाने पाठवावे, तर पुस्तकांसाठीची स्वस्त नोंदणीकृत टपालसेवा डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली. पातळ पुस्तकाला किमतीच्या मानाने टपालखर्चच जड होतो. म्हणून दीडशे प्रतींची आगाऊ नोंदणी झाली तरच छपाईला हात घालता येतो. आगाऊ किंमत दीडशे रुपये.

एका तरुणाने सरळ विचारले, “सर, सगळे मोबाईलवर फुकट मिळते. विकत कशाला घ्यावयाचे?”

प्रकाशकबंधू रागावले नाहीत. म्हणाले, “बाळ, मोबाईलवर जे मिळते ते आधी कोणीतरी छापलेले असते. ताईंच्या वह्या तू मोबाईलवर शोधून दाखव.”

तरुण गप्प बसला. आम्हांलाही दोन शब्द बोलण्याची आज्ञा झाली. आम्ही काही विद्वान नाही, कारकुनी करणारी माणसे. पण पुस्तकासाठी झोळी पसरण्यात कमीपणा वाटू नये म्हणून बाबासाहेबांच्याच आयुष्यातील गोष्टी सांगितल्या.

३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाला. त्याची पैसे देऊन जाहिरात छापण्यासही ‘केसरी’ने नकार दिला होता. राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले, तेव्हा पत्र उभे राहिले. लाहोरच्या जातपाततोडक मंडळाने बाबासाहेबांना १९३६ च्या परिषदेचे अध्यक्ष म्हणून बोलाविले. भाषण वाचल्यावर मंडळी बिचकली, फेरबदल मागू लागली. बाबासाहेबांनी एक स्वल्पविरामही बदलण्यास नकार दिला. परिषद रद्द झाली. लेखकाचा कार्यक्रमच रद्द झाला म्हणा ना! त्यांनी ते भाषण स्वखर्चाने छापले. दीड हजार प्रती दोन महिन्यांत संपल्या. तेच ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’. व्यासपीठ मिळाले नाही, पुस्तक मिळाले. आणि ते व्यासपीठापेक्षा लांब गेले.

तिसरी गोष्ट सांगताना आमचा आवाज जड झाला. १४ सप्टेंबर १९५६ रोजी, दीक्षेच्या बरोबर एक महिना आधी, बाबासाहेबांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिले. बुद्धावरील आपल्या ग्रंथाच्या छपाईस सुमारे वीस हजार रुपये लागतील, ते आपल्या आवाक्याबाहेर आहे, तरी सरकारने ग्रंथालयांसाठी आणि विद्वानांसाठी पाचशेएक प्रती घ्याव्यात, अशी विनंती होती. बुद्धजयंतीच्या प्रकाशनांसाठी राखलेली रक्कम संपली आहे, असे उत्तर आले. ग्रंथ निघाला तो १९५७ मध्ये, महापरिनिर्वाणानंतर. बाबासाहेबांनी तो छापील स्वरूपात पाहिला नाही. ज्या ग्रंथाचे आज विहाराविहारांत वाचन होते, त्यालाही पाचशे प्रतींचे गिऱ्हाईक शोधावे लागले होते!

विहारात शांतता पसरली. आम्ही मूर्तीसमोर ठेवलेल्या त्याच ग्रंथाकडे बोट दाखवून खाली बसलो.

पुढेही ही वाट अशीच चालली आहे. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ मध्ये ‘ग्रंथाली’ ह्या वाचक चळवळीने काढले. औरंगाबादेत गंगाधर पानतावणे ह्यांनी ‘अस्मितादर्श’ चालविले, त्याच्या मेळाव्यांतून कितीतरी लिहिते हात पुढे आले. पुण्यात विलास वाघ आणि उषाताई वाघ ह्यांनी ‘सुगावा’ उभे केले. २०२१ मध्ये वाघ सर गेले, पण त्यांनी छापलेली पुस्तके घराघरांत आहेत. बेबीताई कांबळे ह्यांनी घरच्यांपासून लपवून लिहिले, ते ‘जिणं आमुचं’ १९८६ मध्ये पुस्तकरूपाने आले. कोणीतरी छापले, कोणीतरी विकत घेतले, म्हणून ते आपल्यापर्यंत पोहोचले.

मग नोंदणी सुरू झाली. वही आमच्याकडे होती. एका उपासिकेने पन्नास रुपये दिले, बाकीचे पगारावर. दोन बहिणींनी मिळून एक प्रत घेतली. ताई ज्या कारखान्यात काम करीत तेथील एक मुस्लिम जॉबरचाचा दारात छत्री मिटून उभे होते. त्यांनी दीडशे रुपये पुढे केले. “चाचा, मराठी वाचता येते?” आम्ही विचारले. “मुझे नहीं आती. पोती पढ़ के सुनाएगी,” ते म्हणाले. ताईंच्या आईचेच उत्तर, फक्त भाषा दुसरी!

एकूण एकेचाळीस प्रती नोंदल्या गेल्या. हव्या होत्या दीडशे.

आता आमची चूक कबूल करतो. कार्यक्रमाचा खर्च आमच्या मंडळाने उचलला होता. परतताना सवयीने बसमध्ये हिशेब लिहावयास घेतला. फलक ६५० रुपये, शाली व पुष्पगुच्छ १,४००, ध्वनिक्षेपक १,०००, नाश्ता १,८५०. बेरीज ४,९००. म्हणजे बत्तीस प्रतींचे पैसे! एवढ्याशा खोलीत ध्वनिक्षेपकाची गरज नव्हती. फलक पावसात भिजून फाटला. पुष्पगुच्छ तर ताईंनी घरी नेलेही नाहीत, विहारातच ठेवले. सत्कार आम्ही केला, पण ज्यासाठी जमलो होतो त्या पुस्तकासाठी मंडळाच्या नावावर एकही प्रत नोंदविली नव्हती. कॉमर्सची पदवी घेऊन इतकी वर्षे खतावण्या लिहिल्या, पण आपल्याच मंडळाची ही नोंद चुकीच्या बाजूला पडत होती, हे त्या दिवशी दिसले.

काल्हेरच्या गोदामांचे दिवे मागे पडत असताना आम्ही चौघांनी तिथेच ठरविले. ह्यापुढे मंडळाच्या कोणत्याही कार्यक्रमात हार, शाल, पुष्पगुच्छ नाही. त्या पैशांची पुस्तके घ्यावयाची आणि वस्तीतील मुलामुलींच्या हाती द्यावयाची. जयंतीला आणि महापरिनिर्वाणदिनी ‘एक वही, एक पेन’ ही प्रथा आपल्या समाजात रुजली आहे. तिच्या जोडीला एक पुस्तक येण्यास काय हरकत आहे? ताईंच्या पुस्तकासाठी मंडळाच्या दहा प्रती त्याच रात्री वहीत चढविल्या. एक्कावन्न झाल्या.

वर्षावास अजून संपलेला नाही. पुढील रविवारी हीच वही घेऊन आम्ही कल्याणच्या एका विहारात जात आहोत, त्यानंतर उल्हासनगर. नव्व्याण्णव प्रती बाकी आहेत. आश्विन पौर्णिमेपर्यंत त्या भरल्या तर येत्या ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवरील पुस्तकांच्या दालनांत ताईंचे पुस्तक असेल, आणि त्या वेळी त्यांचे नाव ह्याच पानावर आम्ही मोठ्या अक्षरांत देऊ.

माताभगिनींनो, बंधूंनो, आपल्याही वस्तीत अशी एखादी वही असेल. मुलांच्या दप्तरातून उरलेली, ट्रंकेच्या तळाशी ठेवलेली. ती शोधा, विहारात वाचून घ्या, आणि छापणारा पुढे आला तर त्याला एकटे सोडू नका.

जयभीम! नमो बुद्धाय!