फूटपट्टी

गौरीगणपती आटोपले, कीं आमच्या घरीं मासळीचा पुनःप्रवेश होतो. त्या दिवशीं सकाळीं नियम मोडणाऱ्या एका नौकेवरील कारवाईची हकीकत वर्तमानपत्रांत वाचून आम्हीं चहाबरोबर तिच्या मालकाची यथेच्छ निर्भर्त्सना केली. घरच्या मंडळींनीं ती मुकाट्यानें ऐकली. प्राध्यापकाच्या घरांत राहावयाचें म्हणजे एवढें सोसावेंच लागतें.

कायद्याची बाजू आम्हांस पाठ होती. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ सालचा. २०२५ सालीं १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांस समुद्र बंद होता. वास्तविक नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्यास ओढून ठेवण्याचें कोळी लोकांस कोणत्याहि कलमानें शिकविलें नव्हतें. यंत्रें आलीं, आणि प्रथेच्या मदतीस दंडाला यावें लागलें. २०२१ च्या दुरुस्तीनें विजेच्या प्रखर दिव्यांनीं मासळी भुलवून पकडणाराचा दंड ५ लाखांपासून २० लाख रुपयांपर्यंत नेला. २०२३ सालीं राज्यानें ५४ जातींच्या मासळीची किमान लांबी ठरविली; पापलेटाची १३५ मिलिमीटर. कारण उघड आहे. एकदांहि अंडीं घालण्यापूर्वीं जो मासा जाळ्यांत सांपडला, त्याच्याबरोबर त्याचा पुढचा वंशहि गेला.

इतकें ज्ञान पदरीं बांधून आम्ही बाजारांत गेलों, आणि सहा पापलेटें घेऊन आलों. लहान होतीं, परंतु स्वस्त होतीं, आणि तव्यावर अख्खीं मावणारीं होतीं. धाकट्या कन्येनें सकाळचें व्याख्यान लक्षपूर्वक ऐकलें असावें. ती दप्तरांतील फूटपट्टी घेऊन आली.

"बाबा, साडेतेरा सेंटिमीटर म्हणालांत ना? हें तर अकराच भरतंय!"

आम्हीं दुसरें मोजावयास सांगितलें. तेंहि अकराच. तिसरें मोजूं दिलें नाहीं.

पापलेटें तळलीं गेलीं, आणि आम्हीं तीं खाल्लीं, हें लपवीत नाहीं. मात्र पुढच्या रविवारीं आमच्या नेहमीच्या कोळणीस आम्हीं काहींशा करड्या स्वरांत विचारलें, कीं इतकी लहान मासळी ती विकते कशी? तिनें सुरी खालीं ठेविली.

"न्हानी तुमीच मागता, मास्तर. मोठ्याचा भाव सांगला की पुढं जाता. कोन घेनारच नसंल, तर आनील कोन?"

ह्यावर उत्तर नव्हतें. नौका अडविली जाते, दंड भरून मालक कर्जांत बुडतो, खलाशांची मजुरी जाते. आणि ज्यांच्या ताटासाठीं ती जाळी टाकिली, ते आम्ही चहा घेतां घेतां त्यांस अप्पलपोटे म्हणतों. आमच्या दाराशीं दंडाची पावती घेऊन कोणी येत नाहीं.

आतां बाजाराच्या पिशवींत फूटपट्टी असते. ती बाहेर काढली, कीं कोळीण तोंडाला पदर लावून हंसते, आणि चार माणसांत आम्हांस ओशाळल्यासारखें होतें. ज्यांच्या नांवें पावती कधीं फाटणार नाहीं, त्यांनीं निदान एवढें ओशाळें व्हावें, हें आम्हांस रास्त वाटतें.